वेंडेलनं न धाडलेली नोटीस

आवाज खाली, वेंडेल! माझ्याच ओसरीवर उभा राहून माझ्याच घरावर बोजा चढवल्याचं सांगतोस, वर मलाच हक्क शिकवतोस? वादळानं छप्पर उडवलं, नवं घालायचा ठेका मी रँडलला दिला, पै न पै त्याच्या हातावर ठेवली – पत्रे ठोकायला तुला त्यानं बोलावलं, मी नाही. त्यानं तुझे पैसे बुडवले, तर त्याच्या दारात जा की! माझा जावई आहे म्हणून काय, त्याची देणी मी फेडू? आणि ‘मिस ओपल, मिस ओपल’ करू नकोस, मी काही विरघळत नाही.

काम करणाऱ्याचा घरावर हक्क असतो – मला सांगतोस? शाळा सहावीत सुटली माझी, पण नवरा गेल्यावर एक ठेकेदार पळाला आणि फरशीवाल्यानं ह्याच घरावर बोजा चढवला, तेव्हा वाचनालयात बसून अख्ख्या फ्लोरिडाचा कायदा पालथा घातलाय मी. हक्क असतो – पण कुणाचा? काम सुरू करताच ज्यानं घरमालकाला नोटीस धाडली, त्याचा. मग मालक आधी त्याचे पैसे चुकते झाल्याची पावती मागतो, नंतरच ठेकेदाराला पैसे देतो. तू धाडलीस? नाही धाडलीस. तुझा बोजा कोर्टात एक सकाळ टिकणार नाही.

काय? मीच नको म्हणाले? म्हणाले असेन! पहिल्याच दिवशी तू नोटिशीचा कागद काढलास, मी पीचचा गरम केक पुढे केला – ‘अरे, चर्चमध्ये एका बाकावर बसणारी माणसं एकमेकांना नोटिसा धाडतात होय?’ – आणि तू लाजून कागद खिशात कोंबलास, वर माफी मागितलीस. ओळखीच्या माणसापुढे कागद धरायचा म्हणजे तुम्हाला शिवी दिल्यासारखं वाटतं. मला नाही वाटत. आणि काय करणार होते मी? रँडलचा ट्रक बँक उचलून नेत होती, पोर माझी रोज फोनवर रडत होती, पैसा एकच – तो तुझ्यापर्यंत पोचणार नाही हे काय मला— असं बघू नकोस. माहीत होतं, असं मी म्हटलं नाही. म्हटलं? म्हटलं तर म्हटलं! साक्षीला आहे कोण इथे?

मजुरांचा पगार बायकोची गाडी विकून दिलास? छान. भली माणसं अशीच, एकेक विकत संपतात. अरे, हे काय – टोपी तोंडावर धरून? एवढा मोठा बाप्या! अंगणात जाऊन रड, वेंडेल – माझं घर आता गळत नाही.