पिकअपचे पुढचे पाटे

मिस्त्री : ...आणि एकदा का चेसिसचं नाक कापलं की मग 'काका, पहिल्यासारखं करून द्या' म्हणायचं नाही. म्हणून तर दोघांना बोलावलं. तुमचे बाबा गेल्यापासून पिकअपच्या कागदावर बहीण-भाऊ दोघांची नावं आहेत. होकारही दोघांचा पाहिजे.

भाऊ : माझा आहे. कापा.

बहीण : माझा नाही.

मिस्त्री : झालं! सहा वर्षांनी एका छपराखाली आलात, आणि पहिल्याच वाक्याला फाटे. आधी ऐकून तरी घ्या. हा जुना ॲक्सल. डावं-उजवं दोन्ही चाकं एकाच दांड्याला, आणि त्यावर पाटे, या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा. एक चाक खड्ड्यात गेलं की दुसऱ्याला कळतं, बसणाऱ्याच्या मणक्यालाही कळतं. पण पन्नास वर्षं टिकलंय. आणि तो भिंतीला टेकवलेला सांगाडा एका मोटारीच्या पुढच्या चाकांचा आहे. त्यात प्रत्येक चाक सुटं, वर कॉइल स्प्रिंग. गाडी लोण्यासारखी चालेल. पण तो बसवायचा तर चेसिसचं पुढचं तोंड कापायचं आणि हे सगळं भंगारात.

बहीण : पण हे जुनं तुम्ही दुरुस्त केलंय ना?

मिस्त्री : केलंय की. रस्त्यावरच्या मोरीच्या कठड्यावर आपटून ॲक्सल केळ्यासारखा वाकला होता, तो सरळ केला. पाटे नवे घडवून आणले. पिना, बुश, शॉकअप, सगळं बदललं. दोरी लावून चाकं मापली. केसाचा फरक नाही.

बहीण : मग कापायचं कशाला?

भाऊ : कारण ही गाडी एका बाजूला ओढते.

बहीण : पुन्हा तेच.

भाऊ : हो, पुन्हा तेच. त्या दिवशी स्टीअरिंग माझ्या हातातून आपोआप फिरलं. मी ते सरळ करायला गेलो आणि मोरीवर गेलो. सहा वर्षं एकच सांगतोय, आणि सहा वर्षं तू तोंड फिरवतेयस.

बहीण : डुलकी लागली होती, असं एकदा कबूल कर ना! भर दुपार, सरळ रस्ता, शेजारी बाबा. माणूस गेला आपला. निदान खापर तरी गाडीवर फोडू नकोस.

मिस्त्री : पोरी, थांब. मी अजून सगळं सांगितलेलं नाही.

बहीण : काय?

मिस्त्री : परवा मी पिकअप चालवून बघायला नेली. एकटाच होतो. तशी या महिन्यात पंधरा-वीस फेऱ्या झाल्या असतील, कधी म्हणून रेषा सोडली नाही तिनं. परवा मात्र पाण्याच्या टाकीपुढे, ते डावं वळण आहे ना, तिथं वळली.

भाऊ : वळली.

मिस्त्री : आता ओढणं म्हणजे काय ते मला कळतं. चाळीस वर्षं हेच करतोय. हवा कमी असली, पाटा बसका असला तर गाडी ओढते, झटके देते, हाताला कळतं. हे तसं नव्हतं. आंधळ्याला कुणी हात धरून रस्ता ओलांडून न्यावं, तसं स्टीअरिंग माझ्या तळव्याखालून हळूच फिरलं. मी ब्रेकवर पाय दिला तोवर ती एका निळ्या फाटकापुढे उभी. आतून एक माणूस आला, म्हणाला, 'काय हवंय?' मी 'चुकून वळलो' म्हणालो आणि गाडी मागे घेतली.

भाऊ : निळं फाटक. दवाखान्याचं.

मिस्त्री : तुला कसं ठाऊक?

भाऊ : त्याच वळणावर वळत होती ती, काका. त्या दिवशीही तिथंच. दहा वर्षं चालवली मी ती गाडी, कधी नाही, फक्त त्या दिवशी. मला ते निळं फाटक समोर येताना दिसलं, आणि मी सगळा जीव लावून तिला परत रस्त्यावर ओढली.

बहीण : काय म्हणालास? दवाखान्याकडे वळत होती?

भाऊ : हो. का?

बहीण : काही नाही. बसू दे मला जरा.

मिस्त्री : त्या स्टुलावर बस. ग्रीस लागेल, पेपर घे.

बहीण : मला एक सांगायचं आहे, आणि ते मी सहा वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं. बाबांचा पोस्टमॉर्टेमचा कागद मी वाचला होता. मी नर्स, म्हणून इस्पितळातल्यांनी मलाच दिला. बाबा मोरीच्या धडकेनं गेले नाहीत. हृदय बंद पडलं होतं. त्रास आधीच सुरू झाला होता.

भाऊ : आधी म्हणजे?

बहीण : अर्धा तास. कदाचित जास्तच.

भाऊ : आणि हे तू मला आज सांगतेस?

बहीण : मला वाटलं, तू गाडी चालवताना झोपलास हे तर खरंच आहे. कागदानं काय फरक पडतो? रागात होते मी. राग सोडवत नव्हता.

भाऊ : ते गप्प बसले होते, ताई. मला वाटलं, तू गावाबाहेर नोकरीला निघालीस म्हणून मन खट्टू झालंय त्यांचं. तुला स्टँडवर सोडूनच येत होतो आम्ही. म्हणजे ती... ती त्यांना डॉक्टरकडे नेत होती, आणि मी...

बहीण : तुला काय माहीत असणार?

भाऊ : मी तिला ओढली. दोन्ही हातांनी ओढली.

मिस्त्री : अरे, लोखंडाला कुठून कळतंय कुणाचं दुखणं! बोलण्याच्या भरात काहीही जोडू नका. तसं असतं तर परवा मला कशाला नेलं असतं तिनं दवाखान्यात? मी तर ठणठणीत आहे.

बहीण : काका.

मिस्त्री : काय?

बहीण : परवा तुम्हाला काही होत होतं का?

मिस्त्री : ऊन होतं. बाकी काय होणार?

बहीण : नीट आठवा.

मिस्त्री : जबडा ठणकत होता. दाढ असेल. झिजलेल्या चक्कीसारखं झालंय माझं तोंड.

बहीण : घाम?

मिस्त्री : गॅरेजात घाम नाही येणार तर काय अत्तर येणार?

बहीण : आणि आत्ता? मघापासून पान्हा डाव्या हातातून उजव्यात का घेताय?

मिस्त्री : डावा जरा जड वाटतोय. सकाळी तो सांगाडा उचलला ना. आणि थोडं जळजळतंय इथं. पित्त.

बहीण : खाली बसा. पान्हा सोडा. सोडा म्हणते ना! माझ्या पिशवीत ॲस्पिरिन असते; ही गोळी चावायची, अख्खी गिळायची नाही. अरे, बघत काय उभा राहिलास? रुग्णवाहिकेला फोन लाव.

भाऊ : लावलाय. म्हणतायत, पाऊण तास.

बहीण : पाऊण तास नाही आपल्याकडे. दवाखाना किती लांब?

भाऊ : दहा मिनिटं. मोठं इस्पितळ टाकीवरून न वळता सरळ पुढे, आणखी दहा. पण मी दुचाकीवर आलोय, तू बसनं.

बहीण : ही आहे ना.

भाऊ : नाही, ताई. तेव्हापासून हात लावला नाही मी तिला.

बहीण : मला चालवता येत नाही. काकांना चालवू द्यायची का?

मिस्त्री : किल्ली डॅशबोर्डवर आहे. दुसरा गिअर जरा दाबून टाक, रुसतो.

(पिकअपच्या एकाच लांब सीटवर तिघे. उजवीकडे भाऊ, मध्ये बहीण, डाव्या खिडकीशी मिस्त्री. गाडी रस्त्याला लागली आहे.)

मिस्त्री : बघ, किती सरळ चाललीय. पाटे म्हणजे पाटे. कॉइलचं काय, मऊ असतं, पण वजन पडलं की...

बहीण : बोलू नका, काका. श्वास घ्या.

मिस्त्री : बोललो नाही तर भीती वाटते, पोरी.

बहीण : मग हळू बोला. हात द्या इकडे. नाडी लागतेय. बरी आहे.

भाऊ : टाकी आली. मी आता डावीकडे घेतो.

बहीण : घे.

भाऊ : ताई.

बहीण : घे ना! वळण गेलं की!

भाऊ : घेतोय! वळत नाहीये. स्टीअरिंग धरून ठेवलंय कुणीतरी. ती सरळच जातेय. काका, काय अडकलंय?

मिस्त्री : काहीच नाही अडकायला. मीच बसवलंय सगळं.

भाऊ : अजून जोर लावू का? सगळा जोर लावला तर फिरेल.

बहीण : नको.

भाऊ : अगं, दवाखाना मागे पडेल! पुन्हा तेच होईल माझ्या हातून!

बहीण : ओढू नकोस तिला. हात सैल कर. माझ्याकडे बघू नकोस, रस्त्याकडे बघ, आणि हात सैल कर.

भाऊ : केले.

बहीण : जाऊ दे सरळ.

मिस्त्री : फाटक दिसतंय इथून. निळं. पोरी, तुझी नजर चांगली, त्यावर काय आहे गं?

बहीण : कुलूप आहे, काका. आणि पाटी लावलीय. बंद आहे दवाखाना.

मिस्त्री : अस्सं.

भाऊ : ताई, मी काहीच करत नाहीये. नुसते हात ठेवलेत.

बहीण : असू देत. काका, डोळे उघडे ठेवा. अजून थोडाच वेळ. ती बघा, इस्पितळाची इमारत दिसायला लागली.

मिस्त्री : उघडेच आहेत. मी विचार करतोय, त्या मोटारीच्या सांगाड्याचं काय करायचं.

भाऊ : परत पाठवा. हिचं पुढचं कापायचं नाही.

मिस्त्री : दोघांचा होकार लागतो.

बहीण : माझा पहिल्यापासून आहे. आता खरंच गप्प बसा.

भाऊ : ताई, तू मला तेव्हा विचारलं होतंस, बाबा शेवटी काही बोलले का.

बहीण : तू म्हणालास, काही नाही.

भाऊ : बोलले होते. मी स्टीअरिंगशी झटत होतो तेव्हा. माझ्या मनगटावर हात ठेवला आणि म्हणाले, 'जाऊ दे तिला.'

बहीण : आणि तू?

भाऊ : मी स्टँडपासून तुझ्याच नावानं बोटं मोडत होतो ना. मला वाटलं, तुझ्याबद्दल बोलतायत.