टिफनीची सर्दी

(वसईतलं एक इस्पितळ. लहान मुलांच्या आयसीयूबाहेरचा बाक. सासू आल्बिना, सून ॲनिशा.)

आल्बिना : माझ्याच मुक्याने झालं, बाय. बाजारातून आले ती तशीच पाळण्यावर वाकले. तू ओरडलीस, तर उलट मलाच राग.

ॲनिशा : तुमच्यामुळे नाही, मम्मी.

आल्बिना : मग कुणामुळे? दीड महिन्याचं लेकरू. स्टीवनला तर तू माडीवर कोंडलंस. नवऱ्याचं ताट जिन्यात ठेवत होतीस.

ॲनिशा : स्टीवनला फ्लू आहे. ऑस्करला फ्लू नाहीच. सकाळी रिपोर्ट आला. साधी सर्दी. त्याच्या ताईची, टिफनीची.

आल्बिना : साध्या सर्दीला घशात नळी?

ॲनिशा : एवढ्या लहानाला लागते कधीकधी.

आल्बिना : पण टिफनी माझ्याकडे झोपत होती ना?

ॲनिशा : दोन रात्री. मग मीच तिला आणलं. ऑस्करला तिच्या कुशीत ठेवलं. दुपारभर.

आल्बिना : अगं, शिंकत होती ती पोर!

ॲनिशा : म्हणूनच. मी वाचलं होतं, एक विषाणू आधी शिरला की शरीर सावध होतं, काही दिवस दुसऱ्याला शिरू देत नाही. म्हटलं, फ्लूपेक्षा सर्दी परवडली. सर्दी आधी झाली तर फ्लूला जागाच मिळणार नाही.

आल्बिना : मग?

ॲनिशा : नाही मिळाली.

आल्बिना : हे शिकलीस कॉलेजात?

ॲनिशा : मोबाईलवर वाचलं. खोटं नव्हतं, मम्मी. फक्त एवढ्याशा बाळाबद्दल नव्हतं.

आल्बिना : चार दिवस मी सगळ्यांपुढे स्वतःला दोष देतेय. आणि तू ऐकत बसलीस.

ॲनिशा : हो.

आल्बिना : ...डॉक्टर काय म्हणाले?

ॲनिशा : जवळच्यांना बोलावून घ्या म्हणाले.

आल्बिना : मग ही बाटली घे. चर्चमधलं पवित्र पाणी आहे.

ॲनिशा : नको! बाप्तिस्मा रविवारी आहे. झगा शिवून आलाय त्याचा.

आल्बिना : रविवार कुणी बघितलाय? फादर वाटेत आहेत, पण थांबायला नको. अशा वेळी कुणीही दिलेला चालतो. डोक्यावर पाणी ओत, पित्याचं, पुत्राचं, पवित्र आत्म्याचं नाव घे. ऑस्कर म्हण, मोठ्याने.

ॲनिशा : तुम्ही द्या ना.

आल्बिना : आत एकालाच सोडतात. तू जा.

ॲनिशा : मी? ह्या हातांनी?

आल्बिना : धुऊन जा.