शनिवारची हाक

मंडळी, ऐका! टाळ जरा खाली ठेवा. पेटीवाले नाना, तुम्हीही एक पान लावा. लावा, लावा! देव रागावत नाही — सूनबाई रागावतील, ते तुमचं तुम्ही बघा!

आता एक प्रश्न विचारतो. दुसऱ्याच्या दारात गेलं, तर त्याचा आदर करावा की नाही? करावा! वा! पण कसा करावा? आपल्या रीतीनं, की त्याच्या रीतीनं? बोला! आता का गप्प? पुढं बसलेले सगळे एकदम सतरंजीकडं बघायला लागले! सकाळी उठल्याबरोबर मोबाइलवर फुलांची चित्रं दोनशे जणांना धाडता — आणि शेजारच्याला 'बरे आहात ना' विचारायला जीभ उचलत नाही! असू द्या. उत्तर मी देत नाही. उत्तर द्वारका देईल. कोण द्वारका? तेच तर सांगायला उभा आहे!

कोकणात एका खाडीच्या काठाला एक आळी होती. आळी एवढीशी, पण नमस्कार किती! या ओटीवर राम राम. त्या ओटीवर सलाम. पलीकडं गुरुजींच्या अंगणात जय भीम. आणि चिंचेखालच्या घरातून — शालोम! हा शालोम कुणाचा? बेने इस्रायलांचा. यहुदी माणसं, बरं का! कैक पिढ्यांमागं पूर्वज या किनाऱ्याला लागले आणि इथलेच झाले. बोलणं मराठी, नेसणं नऊवारी, भाताशी कालवण. देव मात्र एक, त्याला मूर्ती नाही. आणि शनिवारी काम नाही! शुक्रवारी दिवस मावळला, की चूल पेटवायची नाही, ती शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत. त्याला ते शब्बाथ म्हणतात. बघा, बघा, नानांना हा धर्म एकदम आवडला! पण नाना, बाकीचे सहा दिवस काम करावं लागतं हो!

तर त्या चिंचेखालच्या घरात राहेलआई राहायची. विधवा बाई. हाडापेरानं थोराड, आणि आवाज असा, की तिनं हाक मारली तर पलीकडच्या तरीवरचा नावाडी दचकावा! हीच आळीची सुईण. आणि तिच्या भिंतीला भिंत लागून चिमाबाईचं घर. चिमाबाईचा मुलगा धर्मा लाँचवर कामाला. त्याची नवी बायको — ही आपली द्वारका.

घाटावरची पोर. आई लहानपणीच गेलेली. इथं आली, तर सुक्या मासळीच्या वासानं चार दिवस जेवली नाही! तेव्हा राहेलआईनंच तिला घरात नेलं, आंबट वरण आणि भात खाऊ घातला. तेव्हापासून रोज सकाळी भिंतीपलीकडून हाक यायची — "शालोम गं द्वारके! झोप लागली का?" आणि द्वारका इकडून, "राम राम, राहेलआई! लागली!" हिचा राम तिला चालायचा, तिचा शालोम हिला चालायचा. कुणाचं काही अडलं नाही!

मग अडलं कुठं? ऐका.

राहेलआईच्या दाराच्या चौकटीला एक लहानशी लाकडी नळी ठोकलेली होती. आत त्यांच्या शास्त्रातली वचनं, गुंडाळी करून ठेवलेली. घरात येता-जाता राहेलआई त्या नळीला बोटं लावायची आणि ती बोटं ओठांना टेकवायची. द्वारकेनं हे पाहिलं. तिला काय वाटलं असेल? तुम्हाला-मला जे वाटलं असतं तेच! देव आहे! दारातला देव, आणि बिचाऱ्याला फूल नाही, कुंकू नाही!

मार्गशीर्षातला गुरुवार होता. द्वारकेनं आपला उंबरठा पुजला, आणि तेच ताट घेऊन गेली शेजारी. राहेलआई कुणाच्या बाळंतपणाला गेली होती. द्वारकेनं त्या नळीला हळद लावली, कुंकू लावलं, वर झेंडूचं फूल खोवलं. मनोभावे हात जोडले आणि घरी येऊन खिडकीशी उभी राहिली — आता राहेलआई येईल, बघेल, खूश होईल!

राहेलआई आली. दारात थबकली. तिनं फूल काढलं. मग पदराचं टोक ओलं करून हळद पुसली, कुंकू पुसलं. पुन्हा पुन्हा पुसलं. इकडं तिकडं बघितलं नाही, कुणाला काही बोलली नाही. आत गेली आणि दार लावून घेतलं.

मंडळी, शिवी परवडली! माणूस शिवी देतं तेव्हा निदान भांडता तरी येतं. हे गप्प राहून पुसणं द्वारकेच्या काळजात रुतलं. आपण काय विटाळलं, हे तिला कळेना. विचारावं, तर तोंड नाही. दुसऱ्या दिवशी हाक आली, "शालोम गं द्वारके!" — द्वारका गप्प. तिसऱ्या दिवशी गप्प. महिने गेले. तिला दिवस राहिले, पोट दिसायला लागलं, राहेलआई डोहाळे पुरवायला चिंचा ठेवून जायची — द्वारका दाराआड. हाक रोज यायची आणि उत्तराविना परत जायची.

आणि दिवस भरले! आता मुहूर्त बघा — कळा सुरू झाल्या त्या शनिवारी सकाळी!

चिमाबाईनं डोक्याला हात लावला. का? अहो, त्या आळीचा नियम! शनिवारी राहेलआईला काम सांगायचं नाही. कुणी घालून दिला नव्हता, पण सगळे पाळायचे. शनिवारी बाळंतपण आलं, की खाडीपलीकडची सुईण आणायची. धर्मा तिला आणायला धावला — तर ओहोटी! होड्या चिखलात बसलेल्या. भरती येईपर्यंत कुणी जाईना, कुणी येईना.

धर्मा तसाच उलटा राहेलआईच्या दाराकडं निघाला. तर वाटेत कट्ट्यावर दाऊदभाई! जाळं विणत बसलेला म्हातारा. तो आडवा उभा राहिला.

"कुठं निघालास रे धर्मा?"

"राहेलआईला बोलवायला. बायको अडलीय, दाऊदचाचा!"

"आज शनिवार हाय! माझ्या बापानं कधी शनिवारी त्यांच्या दाराला हात लावला नाय. तिची इबादत मोडशील? पाणी येईल आता. दम धर."

धर्मा तसाच मागं फिरला. मनात खोट नव्हती हो म्हाताऱ्याच्या! मुसलमान माणूस यहुदी बाईचा शनिवार जपतोय, आणि अडलीय ती हिंदूची पोर. सगळेच आदर करतायत, आणि त्या आदरापायी एक जीव चाललाय!

आत द्वारका घामानं भिजलेली. कळ येत होती, पण मूल येत नव्हतं. चिमाबाई देवाला हाका मारत होती. द्वारकेला कळलं — वेळ थोडा आहे. भिंतीपलीकडं, हातभर अंतरावर, जिच्या हाताला यश आहे ती बाई बसलीय. पण कुठल्या तोंडानं बोलवू? तिच्या दाराला विटाळ केला. तिच्या हाकेला ओ दिली नाही. आणि आता तिचा शनिवारही मोडू?

पुढची कळ आली. पोटातलं पोर हललं, आणि मग हलेनासं झालं. तेव्हा मंडळी, द्वारकेनं लाज टाकली! भिंतीवर हात आपटला आणि होता नव्हता तेवढा जीव गोळा करून ओरडली —

"शालोम, राहेलआई! शालोम!"

दुसरं काही सुचलंच नाही तिला. महिनोन् महिने जे उत्तर द्यायचं राहिलं होतं, तेच तोंडातून आलं.

आणि पलीकडं पाट सरकल्याचा आवाज! ठेच लागेल, पदर पडेल, कशाची पर्वा नाही — राहेलआई शनिवारच्या पांढऱ्या लुगड्यात धावत आली. एक नजर टाकली आणि चिमाबाईवर कडाडली, "चिमे! कधीपासून अडलीय ही?"

"सकाळपासून."

"आणि मला हाक नाही?"

"तुमचा शनिवार, राहेलबाय... मोडायचा कसा?"

"अगं, आमचं शास्त्रच सांगतं, जीव वाचवायचा असेल तर शनिवार बाजूला ठेव! इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलीस, एकदा विचारायचं नाहीस? मला वाटायचं, शनिवारी माझा हात तुम्हाला अशुभ वाटतो. पाणी तापव!"

बघा मंडळी! यांनी विचारलं नाही, तिनं विचारलं नाही. सगळी भली माणसं, आणि सगळी गप्प!

राहेलआईनं पोट चाचपलं. मूल पायाकडून येत होतं. ती पाठ चोळायला लागली. दोन कळांच्या मधे द्वारका तिचा हात धरून रडली. "राहेलआई, मी तुमच्या देवाला कुंकू लावलं. मला क्षमा करा."

"तो देव नाही गं, देवाचे शब्द आहेत. आमच्यात त्याला कुंकू चालत नाही, म्हणून पुसलं. पण तू आपल्या घरातलं सगळ्यात चांगलं होतं ते माझ्या दाराला आणून लावलंस. पुसताना माझाच हात जड झाला. तुला बोलवून सांगायला हवं होतं, ते मी चुकले. आता रडू नको, जोर कर!"

जोर केला! एक पाय आला. दुसरा आला. राहेलआईची बोटं अशी चालली, जशी जात्यावर सवयीनं ओवी चालते. आणि मूल बाहेर आलं — पण रडेना! निळं, गप्प. चिमाबाईनं तोंडाला पदर लावला. राहेलआईनं पोर उलटं धरलं, तळव्यांवर टिचक्या मारल्या, तोंडातला चिकटा काढला, पाठ चोळली. आणि — ट्यांऽऽऽ!

बोला, विठ्ठल विठ्ठल! जोरानं! पोर आली हो! मुलगी! पहिली बेटी, धनाची पेटी! आणि त्यात पायाळू — मोठी झाली, की आळीतल्या उसण भरलेल्या सगळ्या पाठी हिच्याच पायाखाली!

राहेलआईनं ती लेक छातीशी घेतली, कानाशी वाकली आणि म्हणाली, "आलीस का गं बाय? शालोम!"

द्वारकेनं क्षीण आवाजात विचारलं, "म्हणजे काय हो, राहेलआई? रोज ऐकते, पण कधी विचारलंच नाही."

"म्हणजे शांती. सुखरूप आहेस ना, असं."

चिमाबाई डोळे पुसत म्हणाली, "धर्मा झाला तेव्हाही हेच म्हणाल्या होत्या. याच खोलीत."

दाराबाहेर धर्मा उभा होता, त्याच्या मागं दाऊदभाई. म्हातारा खाली मान घालून पुटपुटला, "माझ्या तिन्ही पोरांना पण, बाय. तिन्ही पोरांना."

तेव्हा द्वारकेला उमगलं. या आळीत कुणी राम राम म्हणतो, कुणी सलाम, कुणी जय भीम — पण यातल्या निम्म्या जणांना या जगातला पहिला नमस्कार केला तो या एका बाईनं. तिनं उठून हात जोडायला घेतले, तशी राहेलआईनं लेक तिच्या हातांत ठेवली. "हात मोकळे कशाला? हिला घे!"

द्वारकेनं लेकीला घेतलं आणि पोटभर रडली. सुखानं रडली, मंडळी! जिला आई नव्हती, तिच्या उशाशी त्या दिवशी आई होती.

तर मघाचा प्रश्न. आदर कुणाच्या रीतीनं करावा? न विचारता कुंकू लावलं, तर मन दुखलं. न विचारता दूर राहिले, तर जीव जात होता. दार ठोठावा, हात जोडा आणि विचारा — बाबा, तुमच्यात कसं असतं? एवढंच!

आणि आता तुमच्याकडं वळतो. हो, तुमच्याकडंच! तुम्ही जन्मलात, तेव्हा तुम्हाला कुणाच्या तरी हातांनी झेललं. ती सुईण असेल, नर्स असेल. तिचा देव कोणता होता, माहीत आहे? तिनं तुमची जात विचारली? तुम्ही रडत होतात, आणि ती तुम्हाला हसून काहीतरी बोलली. जगातला तुमचा पहिला नमस्कार तो. तेव्हा तुम्हाला बोलता येत नव्हतं, म्हणून त्याचं उत्तर राहून गेलं. आज बोलता येतं ना? ती बाई आता कुठं सापडणार! म्हणून आज घरी जाताना वाटेत जो पहिला भेटेल, त्याचा देव कोणताही असो — ते राहिलेलं उत्तर त्याला द्या.