मागच्या रांगेतले डबे

— नाही दादा, वरचं ठीक आहे, खालचंच बिघडलंय. वर बर्फ होतोय दगडासारखा आणि खाली काल आणलेलं दूध नासलं. म्हणजे फ्रिज अर्धा जागा, अर्धा झोपलेला — शनिवारी मी पण अशीच असते. या ना आत. पसाऱ्याकडे बघू नका — म्हणजे बघा, दिसतोयच, पण मनावर घेऊ नका. काय म्हणालात? फ्रीझर रिकामा करायचा? सगळा? अहो, आमचा अख्खा आठवडा आहे त्यात.

सांगते ना. माझं ऑफिस ठाण्याला. सकाळी कंपनीची बस, संध्याकाळी तीच बस, आणि काशीमीऱ्याच्या नाक्यावर ते अडलेले ट्रक — तुम्ही तिथूनच आलात ना, मग तुम्हाला काय सांगायचं. घरी येईपर्यंत हे दोघं — स्वप्नील, माझा नवरा, आणि मनाली, आठवीत आहे — दोघं जेवूनच घेतात. मग मी स्वयंपाक कधी करणार? रविवारी. सहा दिवसांचा सगळा रविवारी. खोबरं-कांद्याचं वाटण बर्फाच्या ट्रेमध्ये घालून त्याच्या वड्या पाडायच्या, उसळी, आमट्या डब्यात भरायच्या, सोमवारचं झाकण निळं, मंगळवारचं लाल, बुधवारचं हिरवं — हसताय काय, डोकं लागतं त्याला. लोकं रविवारी उत्तनला जातात समुद्रावर, मी कुकरपाशी. सोसायटीच्या हळदीकुंकवात मी उभी राहून सांगितलं सगळ्या बायकांना — आठवडा तुमच्या मुठीत ठेवा. टाळ्या वाजल्या. मग घरी आले आणि चार कढया घासत बसले, कारण दुसऱ्या दिवशी सोमवार होता. मूठ कसली, हात सुजले होते.

धरा हा. निळा, सोमवारचा, चवळी. मनालीला आवडते. हा लाल, मंगळवारचा — थांबा, आज शनिवार ना? मग हे अजून इथे कसे? पुढच्या आठवड्याचे नाहीत, ते उद्या करायचेत. बरं, खाल्ले नसतील एखाद दिवशी, होतं. हा हिरवा. आणि मागे — अजून एक निळा? हात लांब आहे तुमचा, काढा. आणखी एक निळा? अहो, दर आठवड्याला मला डबे कमी पडतात म्हणून मी स्वप्नीलला किती बोलले, की ऑफिसात विसरतोस, माणसांची मुलं हरवत नाहीत एवढे तुझे डबे हरवतात. मान खाली घालून ऐकून घेतलं त्याने. मी गेले आणि नवीन सेट आणला. मग नवे पुढे ठेवायचे तर जुनं काहीतरी मागे ढकलायचं — पूर्ण आठवडा मुठीत ठेवणाऱ्या बाईला मागे काय ढकलतोय ते बघायला वेळ कुठला.

हा उघडू नका. बरं, उघडा. बिरडं आहे. वालाचं. वाल भिजवले, मोड आणले, आणि रात्री टीव्हीसमोर बसून एक-एक सोललाय, नखं दुखेपर्यंत. स्वप्नील म्हणाला होता, रसिका, बिरडं एक नंबर झालं होतं. बघा ना — एका कोपऱ्यातून वाटीभर काढलंय फक्त. बाकी जसंच्या तसं.

ती वाटी कुणी खाल्ली, विचाराल? मी. मी आले की माझं ताट झाकून ठेवलेलं असतं ना, गरम करून. त्यात होती ती वाटी. म्हणजे या घरात माझ्या हातचं जेवणारी एकटी मीच आहे. आणि मी पण तक्रार करत होते, की मीठ जरा कमी पडलं.

मग ते दोघं काय खातात? तेच म्हणतेय मी. अंडी संपतात. मला वाटायचं मनाली वाढीला लागलीये. कणकेचा डबा तर — पोळ्या तर मी बाहेरून आणते, मग कणीक जाते कुठे? मागे एकदा बस लवकर सुटली, लिफ्टमधून बाहेर आले तर आमच्याच घरातून हसण्याचा आवाज. बेल वाजवली आणि सगळं गप्प. आत आले तर खिडक्या सताड उघड्या, पंखा जोरात, घरभर फोडणीचा वास, आणि मनालीच्या कोपरापर्यंत पीठ. म्हणाली, क्राफ्टचं काम होतं. आणि मी — इतकी हुशार — मी म्हणाले, पुसून घे ओटा, कसला पसारा केलास.

ओटा पण पुसून ठेवायचे हो दोघं. तवा घासून जागेवर. मला कळू नये म्हणून.

राग यायला हवा ना? यायलाच हवा. पण मला वाईट वाटतंय ते बिरड्याचं नाही, दादा. ते हसत होते त्याचं वाटतंय. मी आले की दोघं शहाण्यासारखी बसतात, मी निळा-लाल करत बसते, आणि हसणं माझ्या बसच्या आधी उरकून घेतात. मला कुणी बोलावलंच नाही. आता बोलावणार कसं, मीच तर आठवडा भरून ठेवलेला.

काय? काही बिघडलेलं नाही? डब्यांनी मागची हवेची जाळी बंद झाली होती, म्हणून खाली थंडावा येत नव्हता? कमी भरलं की चालेल? एवढंच?

थांबा. लिफ्ट आली. मनालीच्या क्लासवरून आलीत दोघं. हे बघा, असं सांगू नका. सांगा, फ्रीझर गेला, आत काहीसुद्धा ठेवायचं नाही. पार्ट मिळायला महिना लागेल, दोन लागतील. खोटं? अहो, या घरात इतकं चाललंय, त्यात तुमचं एक. नाहीतर राहू द्या, तुमचं तोंड सरळ आहे, मीच बोलते.

या रे. हे फ्रिजवाले दादा. स्वप्नील, फ्रीझर गेला आपला, उद्या मला काहीच करून ठेवता येणार नाही. आठवडाभर रोजचं रोज करावं लागेल — आणि मला तर कांदासुद्धा पटापट चिरता येत नाही, तुम्हाला माहितीये. तुम्हा दोघांना येतं का रे काही?

एकमेकांकडे काय बघताय?

दादा, तुम्ही निघा आता.