समक्ष हजर

(मनामा, बहरीन, १९९४. शुक्रवारची दुपार. घरात लहू, त्याची बायको सुमन आणि सुमनचा धाकटा भाऊ उज्ज्वल. उज्ज्वल कालच गावाकडची रजा संपवून परतला आहे.)

लहू : परत वाच. दमानं. साहेबापुढं वाचल्यागत नको.

उज्ज्वल : किती वेळा वाचू, दाजी? बरं, ऐका. "मयत सरूबाई केरबा यांचे वारस, मुलगा लहू केरबा, समक्ष हजर. जबाब वाचून दाखवला, बरोबर आहे म्हणाले." खाली तुमची सही. बाजूला तलाठ्याची.

लहू : कवाचं हाय हे?

उज्ज्वल : एक्क्याण्णवचा जानेवारी. आईंच्या जलदानाचा, मरणानंतरच्या विधीचा दिवस. तलाठी गावात आलाच होता, त्यानं मांडवातच जबाब घेतला.

सुमन : अरे, त्या दिवशी तर आई गेल्याची तारसुद्धा आपल्याला मिळाली नव्हती. कुवेतची लढाई चालू होती. विमानं बंद, फोन लागत नव्हते.

लहू : मला ना भाऊ, ना भन. मग हजर कोन झालं?

उज्ज्वल : तेच शोधायला मी सगळी रजा तालुक्याला घातली. आक्का, तुझ्या सासरचं रेकॉर्ड म्हणजे काय सांगू. आधी कागदच सापडेना. दाजींनी दिलेला सर्व्हे नंबर जुना. मधे जमिनींचं एकत्रीकरण झालं, गट पडले, नंबर बदलले. ते ना यांना माहीत, ना मला सुचलं. इथं मनाम्यात दिवसभर लोकांच्या प्लॉटचे नकाशे काढतो मी, आणि तिथं रेकॉर्ड रूमचा कारकून मला म्हणतो, "साहेब, तुम्ही सांगताय ती जमीन ओढ्यात आहे."

सुमन : बरं झालं. मासे तरी मिळाले असते.

उज्ज्वल : हस तू. मग गट नंबर मिळवला, सात-बारा काढला. त्यावर नावाशेजारी गोलात फेरफाराचा नंबर असतो. तो धरून मागं जायचं. हे नाव कुठून आलं, त्याच्या आधीचं कुठून आलं. आज्ज्याचं वतन, मग तुमचे वडील, मग आई. जिना उतरत गेल्यासारखं. आणि जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर तुम्ही उभे.

लहू : शिरीषचं काम असंल. चुलतभाऊ हाय, सही जमत असंल त्याला.

उज्ज्वल : शिरीषनंच तर त्या नोंदीवर अपील केलंय, दाजी. त्याचं म्हणणं, लहू परदेशात होता, सही खोटी, नोंद रद्द करा. जमीन तोच कसतोय. नोंद उडाली की म्हणणार, चुलतीनं मला तोंडी दिली होती. तुमच्या फायद्याची खोटी सही तो कशाला करील?

लहू : मग आपला वकील काय म्हणतोय?

उज्ज्वल : वकील म्हणतो, सरळ आहे. उद्या सकाळी इथल्या भारतीय वकिलातीत जाऊन प्रतिज्ञापत्र करा. "त्या दिवशी मी गावी समक्ष हजर होतो, सही माझीच आहे." मी मसुदा आणलाय. सही केली की खलास.

सुमन : आणि दर शुक्रवारी इथंच बसून पंचशील म्हणायचं, खोटं बोलणार नाही म्हणून? आज सकाळीच म्हटलंय. अजून मेणबत्ती विझली नाही.

उज्ज्वल : आक्का, मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण गावात गेल्यावर... दाजी, शेवंतीकाकू भेटल्या.

लहू : शिरीषची आई? हाय व्हय म्हातारी अजून?

उज्ज्वल : आहे. पोराच्या देखत मला म्हणाली, "लहू आलता की. सरूबाई जायच्या आदल्या सांजंला आला, जलदान करून गेला. मीच तांब्या दिला. प्याला न्हाई. नुसता धरून बसला हातात." शिरीष ओरडला तिच्यावर. ती म्हणाली, "तुझ्या अपिलासाठी मी डोळं फोडून घेऊ काय?"

लहू : दिसत न्हाई तिला. मोतीबिंदू हाय.

उज्ज्वल : ऐकू तर येतं? रात्रभर गात होतात म्हणाली. मेलेल्या लेकरासाठी बुद्धाकडं औषध मागणाऱ्या किसा गोतमीची कथा, सगळी, पहिल्यापासून. मोहरी मागायला ती दारोदार जाते तिथं आईंनी हुंकार दिला, आणि पुढं दिला नाही.

सुमन : आईंना तीच आवडायची. आमचं नवीन लग्न झालं तेव्हा मला घेऊन शेजारच्या गावापर्यंत चालत गेल्या होत्या, गायन पार्टी आलीय म्हणून. बुवा नुसते गात नव्हते रे, गाता गाता समजावत होते. आई रडत होत्या आणि हसतही होत्या. घरी आल्यावर यांना म्हणाल्या, "तू शिक ही. मी जाताना मला ऐकव."

लहू : ऐकवायला कुठं मिळालं.

उज्ज्वल : गावात आणखी चार जणांनी ऐकलंय. आवाज यांचाच म्हणतात.

लहू : गावाला काय. एकानं म्हटलं की सगळी म्हणत्यात.

उज्ज्वल : मीही तसंच धरून चाललो होतो. मग जबाबाची पूर्ण नक्कल मिळाली. वारसानं चारी बाजूच्या हद्दी सांगितल्यात. तीन बाजू कुणीही सांगेल. पूर्वेचं ऐका. "पूर्वेस हद्दीचा दगड, बोरीच्या बुंध्यालगत, जमिनीत खोल, उलटा पुरलेला." ...दाजी?

सुमन : अहो, काय झालं? उज्ज्वल, पाणी दे रे त्यांना.

लहू : पानी नको. तेवढंच परत वाच.

उज्ज्वल : "खोल, उलटा पुरलेला."

लहू : चुलता दगड सरकवायला लागला हुता आमच्यात. दर पेरणीला वीतभर. बा गेलेला. मग आईनं दगड मूळ जागी नेला आन कमरंइतक्या खड्ड्यात पुरला, डोकं खाली करून. म्हणाली, आता सरकव म्हणावं. मी माती लोटली. आईला ठाव आन मला. सुमनलाबी सांगितलं न्हाई मी.

सुमन : नाही सांगितलं. पहिल्यांदा ऐकतेय.

उज्ज्वल : मी मोजणीदार नेला, दाजी. शिरीष उभा, पंच उभे. बोरीचा नुसता बुंधा राहिलाय. खणलं. दगड निघाला. उलटा. तेव्हापासून मी वकिलाचा मसुदा घेऊन फिरतोय. वाटलं, हे खोटं आहे असं तरी मी कसं म्हणू?

सुमन : मी एक बोलू?

लहू : बोल की.

सुमन : लढाईच्या त्या दिवसांत तुम्ही अस्करला, ॲल्युमिनियम प्लँटच्या कॅम्पातच होतात. भट्ट्या बंद ठेवता येत नव्हत्या. मी इथं पोरांना घेऊन एकटी, गॅसच्या भीतीनं खिडक्यांना चिकटपट्ट्या लावून. भोंगा वाजला की आतल्या खोलीत जायचं, दाराखाली ओला टॉवेल. आठवतंय?

लहू : ते कसं इसरंन.

सुमन : त्यात एका दुपारी तुम्ही आलात. दारात उभे राहिलात. मी म्हटलं, बूट काढा, जेवा. तुम्ही ऐकलंच नाही. माझ्याकडं बघत होतात, पण बस चुकलेला माणूस बघतो तसं. मी हात धरला, तर हात गार. भट्टीवरून आलेल्या माणसाचा हात गार. मग वळलात आणि गेलात. मी म्हटलं, घाबरलेत. तुमच्या मनाला लागेल म्हणून कधी काढलं नाही.

लहू : मी आलोच न्हाई त्या हप्त्यात घरी.

सुमन : आलात. मी हात धरला होता.

उज्ज्वल : दाजी, रागावू नका. काल विमानतळावरून येताना टाइम ऑफिसच्या हिलरीला गाठलं मी. वसईचा हिलरी. त्याला विचारलं, तेव्हा लहू रजेवर होता का? तो म्हणाला, "नाय रे, रोज कार्ड पंच केलेलं. एकपण खाडा नाय. पण त्या दिवसांत तुझा दाजी कोणाशी बोलला नाय. लहू म्हणून हाक मारली, तर मागं वळून बघायचा, दुसऱ्या कोणाला बोलावतात की काय. बायकोला, मॅग्डलीनला सांगून मी त्याच्या नावानं एक रोझरी म्हणायला लावली."

लहू : बास. भूतबित काय नसतं. धम्म घेतला तवाच आपन सोडलंय ते. आईनं घरातला देव्हारा सोताच्या हातानं उचलून भायेर ठेवला, सगळ्या गावादेखत.

सुमन : मी भूत कुठं म्हटलं? भूत मेलेल्या माणसाचं म्हणतात लोक. तुम्ही तर जिवंत होतात.

उज्ज्वल : आक्का, गप जरा.

लहू : न्हाई, बोलू दे तिला. खरं हाय तिचं. मला भट्टी आठवती. कॅम्पातली खाट आठवती. कुनाशी बोललो ते काय आठवत न्हाई. ध्यान सगळं आईकडं हुतं, एवढं आठवतंय. आजारी हाय म्हनून पत्र आलं हुतं आन वाट बंद. पन मी गेलो न्हाई, उज्ज्वल. गेलो असतो तर आईचा चेहरा आठवला असता मला.

उज्ज्वल : मग काय करू? मसुदा ठेवू की फाडू? उद्या सकाळी रांग लावायचीय.

लहू : फाड. दुसरा लिही. त्या दिवशी मी बहरीनला हुतो. अस्करला, कामावर.

उज्ज्वल : दाजी, नोंद उडेल. शिरीष नांगर घालूनच बसलाय. पुन्हा वारसाचा अर्ज, पुन्हा सुनावण्या, आणि पोरं इथं इंग्रजीत वाढतायत. कोण जाईल तिथं?

लहू : मी जाईन. रजा मिळंल तवा, पायानं जाईन. दगड हाय की जाग्यावर. पन आईचं नाव घेऊन खोटी सही न्हाई करनार.

सुमन : आणि शेवंतीकाकू? पोराच्या विरुद्ध उभी राहिलीय ती. तुम्ही "मी नव्हतो" म्हटलंत की ती खोटी पडते.

उज्ज्वल : नुसती ती नाही, आक्का. शिरीषच्या वकिलाचं पुढचं वाक्य ठरलेलं आहे. लहू नव्हता, म्हणजे सरूबाईंजवळ शेवटी कुणीच नव्हतं, म्हणजे सांभाळलं ते आम्हीच. ते रेकॉर्डला जाईल. म्हातारी एकटी गेली.

लहू : तसं न्हाई जाऊ द्यायचं.

उज्ज्वल : अहो दाजी, मग लिहू तरी कसं? एक तर तुम्ही होता, नाहीतर कुणी नव्हतं.

लहू : मी नव्हतो. कुनीतरी हुतं. एवढं कागदात बसतंय का बघ.