सिद्रामअप्पाची पाटी

ऐका. आगटीत हुरड्याची कणसं टाकलीत, ती भाजेपर्यंत एक गोष्ट सांगून घेतो. पाहुणे, चटणी पुढं ओढा, पण कान इकडं द्या. उद्या निघताना तुमचा तो फोन सांगेल, डावीकडं वळा, पांढरीच्या वाटेनं गेलं की दहा मिनिटं वाचतात. वळू नका. फोनला काय माहीत तिथं कोण बसलंय. प्रभंजनला माहीत आहे, त्याला विचारा.

प्रभंजन कोण? तुमच्याच पुण्याचा. नाव प्रभंजन, आणि वाऱ्यानं दार आपटलं तरी दचकणारा. भर वैशाखात गळ्यात उपरणं. पायात कोल्हापुरी चप्पल, ती चावते म्हणून आतून मोजे. त्याला म्हणे मातीशी नातं जोडायचं होतं. जोडा बाबा. पण माती कशाशी खातात ते तरी आधी विचारायचं का नाही?

तर या गड्यानं आपल्या निमसूरचं सिद्रामअप्पाचं घर विकत घेतलं. मोगलाईतलं, दोनशे वर्षांचं घर. दोन हात जाडीच्या भिंती. भर उन्हाळ्यात आत गेलं की अंगावर गार पाण्याचा हबका बसावा तसं वाटायचं. आणि वर माळवद. पाहुण्यांना सांगतो, माळवद म्हणजे मातीचं छप्पर. खाली सागवानी खांब, खांबांवर तुळया, त्यावर लाकडं आडवी, त्यावर लिंबाचा पाला, आणि सगळ्यावर हातभर पांढरी माती. पावसानं ती थोडी थोडी धुऊन जाते. म्हणून दरसाल पाऊस लागायच्या आधी नवी माती चढवायची आणि तुडवून बसवायची. माती आणायची ती गावाबाहेरच्या पांढरीच्या खाणीतून.

आणि रीत अशी, की पहिली पाटी घरधन्यानं स्वतःच्या डोक्यावर न्यायची. घरात दहा गडी राबत असले तरी पहिली पाटी त्याची. घर डोक्यावर घेतल्याशिवाय घर डोक्यावर राहत नाही, असं म्हातारी माणसं म्हणायची. सिद्रामअप्पानं अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी नेली. बाहेरच्या अकरा पायऱ्या चढला, पाटी माळवदावर ओतली, शेजारी टेकला. तो टेकला तो टेकलाच. आम्ही वर जाऊन पाहिलं तर गार. असं मरण यावं माणसाला. पोरं लातूरला. त्यांनी पाच-सहा वर्षं वर प्लास्टिकचा कागद टाकला आणि मग घर प्रभंजनच्या गळ्यात मारलं.

प्रभंजन म्हणाला, मला घराचं मूळ रूप जपायचंय. आणि पहिल्याच आठवड्यात मधला खांब कापला. का? तर त्याचा लांबडा सोफा तिथं बसेना. त्या खांबाचा तुकडा करून त्यावर दिवा ठेवला. दिव्याला टेकायला सागवान, आणि वरची तुळई वाऱ्यावर. रज्जाक मिस्त्री, ज्याच्या बापजाद्यांनी ही माळवदं बांधली, तो हात जोडून सांगत होता की मालक, खांब परत उभा करा, आणि मातीवर सिमेंट टाकू नका, खालची माती पाणी पिईल आणि वरून बघणाऱ्याला कळणारही नाही. यानं त्याला फोन दाखवला. म्हणाला, मी यावर बरंच पाहिलंय. रज्जाकनं थापी पिशवीत टाकली आणि घरी गेला. मग शहरातून दुसरा गवंडी आला. मातीवर चार बोटं सिमेंटचा कोबा. तो पक्का व्हावा म्हणून वर बांध घालून पाणी तुंबवलं. मातीच्या घराच्या डोक्यावर तळं! गाढवाला गुळाची चव काय.

एवढं करून झाल्यावर त्याच्या कानावर ती पहिल्या पाटीची रीत गेली. फार आवडली. आम्ही भरून दिलेली पाटी त्यानं गुडघ्यापर्यंत उचलली आणि ठेवून दिली. म्हणाला, मला मानेचा त्रास आहे. मग पाटीत गवत भरलं, वर दोन मुठी पांढरी माती भुरभुरवली. कुणी भरून दिलं ते शेवटी सांगतो. हा डोक्याला पटका बांधून ती पाटी घेऊन अकरा पायऱ्या चढला, दर पायरीला हसला, त्याचा व्हिडिओ काढून घेतला. हजारो लोकांनी वा वा केलं म्हणे. गवत नंतर शेजारच्या म्हशीनं खाल्लं, तेवढंच काय ते सत्कारणी लागलं.

पुढच्या आठवड्यात वास्तुशांत. पुण्याहून पंचवीस माणसं येणार, घर बघून तोंडात बोट घालणार. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की आदल्या रात्री घरधन्यानं घरात एकटं निजावं. म्हणून हा पुण्याहून आदल्या दिवशीच आला, फाट्यावर पोचला तोवर दिवे लागले होते. गावाकडच्या ओढ्यावरचा पूल खणून ठेवलेला, म्हणून गाडी फाट्यावर लावली. चहाच्या टपरीवरचा महादू म्हणाला, साहेब, मारुतीकडून जावा, लांब पडंल पण माणसात राहाल. यानं फोन बघितला आणि डावीकडं वळला. पाठीमागं चाकांची बॅग, मातीत खडखड करत.

खाणीपाशी आला. बरं का, चांदणं लख्ख पडलेलं, खाण नुसती दुधासारखी. कडेला एक म्हातारा बसलेला. धोतर, बंडी, डोक्यावर पाटीखाली घ्यायची चुंबळ. पुढं भरलेली पाटी.

म्हातारा म्हणाला, "जरा हात लावता का, मालक?"

आता यात काही वावगं नाही. खेड्यात एकट्याला पाटी उचलता येत नाही, वाटेनं जाणारा हात लावतो. यानंही लावला. एकच. दुसऱ्या हातात फोन. पाटी अशी वर आली जशी रिकामी. वर माती दिसत होती, पण खालून गवताची कुसळं बोटाला टोचली. म्हातारा हसला. लई हलकी आहे नाही, असं म्हणाला आणि उलट्या वाटेनं निघून गेला. एवढ्यावर शहाण्या माणसानं मारुती गाठला असता. पण शहाणा असता तर खांब कापला असता का?

पुढं गेला. लिंबाखाली तोच म्हातारा. तीच पाटी खाली. मागं टाकून आलेला माणूस पुढं कसा? प्रभंजनला वाटलं, असेल भाऊ त्याचा. म्हातारा म्हणाला, हात लावा. या खेपेला एका हातानं पाटी हलेना. यानं फोन खिशात टाकला, दोन्ही हात लावले, कशीबशी वर केली. कमरेत कळ आली. म्हाताऱ्यानं विचारलं, कुठं निघालात? हा म्हणाला, माझ्या घरी, सिद्रामअप्पाचं होतं ते. आता माझं आहे.

"तुमचं? मग पहिली पाटी कुणी न्हेली?"

हा म्हणाला, मीच, आणि व्हिडिओ दाखवायला फोन काढला. स्वतःचंच कौतुक, कुणालाही दाखवायला तयार, भुताला सुद्धा. व्हिडिओ लागला. हा पटका बांधून चढतोय, हसतोय. पण अकराव्या पायरीवर कुणीतरी बसलेलं. आधी शंभरदा पाहिलेला व्हिडिओ, त्यात हा माणूस कधीच नव्हता. गुडघ्याला मिठी घालून बसलेला, याच्याकडं बघत होता. आणि कसा बघत होता? शेणात पाय पडल्यावर आपण पायाकडं बघतो तसा.

प्रभंजननं मान वर केली. पुढं म्हातारा नाही. पांढऱ्या मातीत याच्या चपलांचे ठसे होते, बॅगेच्या चाकांच्या दोन रेघा होत्या, तिसरं काही नव्हतं.

आता याला घाम फुटला. बॅग टाकली. पळाला. पळतोय, पळतोय, आणि डोकं जड. हात वर नेला तर डोक्यावर पाटी! कधी आली, कुणी ठेवली, पत्ता नाही. टाकायला गेला तर दोन्ही हात पाटीला चिकटलेले. आणि आवाज पाटीतून, थेट टाळूवर.

"घर कुणाचं?"

हा म्हणाला, माझं. पाटी जड झाली. पुन्हा विचारलं, घर कुणाचं? हा म्हणाला, माझं, खरेदीखत आहे माझ्याकडं. आणखी जड. माती सुटून डोळ्यांत जायला लागली. अहो, कळू नये का माणसाला? पण नाही. शिकलेला माणूस, कागद दाखवल्याशिवाय राहतो कुठं. गावची वेस येईपर्यंत यानं चारदा माझं म्हटलं आणि चारदा त्याची मान छातीत गेली.

घरासमोर आला. दार समोर, किल्ली खिशात, आणि हात पाटीला. आत गेलो की सुटलो असं त्याला वाटत होतं. आत दिवे आहेत, सोफा आहे, कडी आहे. पण आवाज म्हणाला, आधी वर, मग आत. पाय आपसूक पायऱ्यांकडं वळले. पहिली पायरी. दुसरी. तिसरी. हसू कुठलं आता. भिंतीच्या आत कुठंतरी पाणी टपकत होतं, टप, टप. त्याला ते ऐकू येत होतं, पण ते काय सांगतंय हे त्याला कळत नव्हतं. चौथी. पाचवी. सहावी. सातव्या पायरीला बसला मटकन. मानेचं हाड कडकडलं. आणखी एक चिमूट माती पडली असती तर मान मोडली असती. आवाज पुन्हा आला, घर कुणाचं? आणि तेव्हा, रडत, नाक गळत, उपरणं मातीनं माखलेलं, तो म्हणाला, "माझं नाही. नाही माझं."

पाटी हलकी झाली. उलटली आणि सगळं गवत याच्या तोंडावर. कुसळं नाकात. बस.

आता सुटला होता ना? मग पळावं ना गावात? हा काय करतो, ऐका. खाली उतरतो, किल्ली काढतो आणि कुलपाला लावतो. म्हणे आत जाऊन जरा पडतो, सकाळी पाहुणे येणार आहेत. गोचीड सुद्धा चटका बसला की सुटतो. हा सुटेना. दार उघडलं. आत खाट, खाटेवर चादर, सोफ्याला लागून, बरोबर त्या आधार नसलेल्या तुळईखाली. आणि उंबऱ्यात सिद्रामअप्पा उभा. चुंबळ हातात. आवाज चढवला नाही त्यानं. आयुष्यात कधी चढवला नव्हता.

"ह्या घरात माझा बाप मेला, आज्जा मेला, मी मेलो. इथं मरायची तुझी लायकी न्हाई."

आणि छातीवर एक हात ठेवला. नुसता ठेवला म्हणे. हा उडाला तो अंगण ओलांडून शेजारच्या उकिरड्यात. पाठ शेणात, पाय वर. आणि तो पडतोय न पडतोय तोच तुळई मोडली. तो आवाज मी माझ्या घरात अंथरुणात ऐकला. आधी एक कडाका, मग सगळं माळवद, कोबा, माती, वरचं तुंबवलेलं पाणी, दोनशे वर्षं, सगळं एकदम खाली. खाट दिसायची बंद झाली.

काही जण म्हणतात अप्पानं त्याला वाचवलं. वाचवलं कसलं? आपण जेवणाच्या ताटातली माशी वाचवतो का? ताटात मरू नये म्हणून बाहेर काढतो.

पहाटे मीच त्याला ओढून काढलं. जे झालं ते त्यानं मला सांगितलं, दातावर दात आपटत. नऊ वाजता पंचवीस पाहुणे आले, हातात फुलांचे गुच्छ. समोर मातीचा ढीग, आणि घरधनी शेणात माखलेला, एका पायात मोजा. त्यातल्या एकीनं हे मुद्दाम असंच ठेवलंय का म्हणून विचारलं. मी तोंड फिरवून घेतलं.

महिन्याभरात त्यानं घराची जागा गावाच्या नावे करून दिली. सही करायला सुद्धा आला नाही, कागद तिकडूनच पाठवले. पुण्यात म्हणे सांगतो की जुनी घरं सोडून द्यायला पण मोठं मन लागतं. लागतं की, पण ते त्याच्याकडं कुठलं? माझं नाही हे त्याच्या तोंडून निघायला मान मोडायची वेळ आली. तिथं आता नुसत्या भिंती आहेत. आणि दरसाल रोहिणीच्या आधी एका रात्रीत अकराव्या पायरीच्या वर एक पाटी पांढरी माती पडलेली असते. पायऱ्या चढून कुठं पोचायचं ते उरलं नाही, तरी माती येते.

तर पाहुणे, ती वाट नको. दिवसा नको, दिवे लागल्यावर तर नकोच. आणि चुकून गेलातच, आणि कडेला बसलेला म्हातारा हात लावा म्हणाला, तर दोन्ही हात लावा. फोन खिशात ठेवून. घर कुणाचं असं विचारलं तर तोंड आवरा.

काय म्हणालात, वहिनी? मी गेलोय का कधी त्या वाटेनं? नाही. बारा वर्षं झाली, मी त्या बाजूला पाय टाकला नाही. घरच्या माळवदाची माती सुद्धा पोराकडून आणवतो.

अहो, त्या पाटीत गवत मी भरलं होतं. चाळीस वर्षं अप्पाच्या शेजारी उभं राहून ते माळवद मी तुडवलं. त्या शहरी येड्याला काही ठाऊक नव्हतं, मला सगळं ठाऊक होतं. तो म्हणाला, जरा हलकी करा, आणि मी केली. वर माती सुद्धा मीच भुरभुरवली, नीट, खालचं दिसू नये म्हणून. प्रभंजनला अप्पानं हाकलून दिलं, त्याचं प्रकरण मिटलं. माझ्याकडून हात लावून घ्यायचा अजून राहिलाय त्याचा.

घ्या, कणसं करपली. चोळा लवकर.