बारशात भरलेलं प्रदर्शन

...साल सत्त्याऐंशी होतं, की अठ्ठ्याऐंशी? बघा आता, सौंदर्यशास्त्रात डॉक्टरेट केलेला माणूस मी, आणि स्वतःच्या पहिल्या प्रदर्शनाचं साल छातीठोक सांगता येत नाही! पण बोरीवलीतला तो सोसायटीचा हॉल आठवतो, आणि दत्तारामचं ते वाक्य तर हाडात बसलंय : "आपल्यात पुढारी कोणी नाही!"

तुम्हाला सांगतो, आम्ही तिघे. दत्ताराम डोंगर रंगवायचा, हरेश्वर गोराईच्या होड्या, आणि मी... मी वीस वर्षं दुसऱ्यांच्या चित्रांवर लेख लिहिलेले, स्वतःचं चित्र एकच. तेही माझंच! चष्मा, टक्कल, सगळं. कुणीतरी थांबून ते बघावं, एवढीच इच्छा हो! आणि भीतीही तीच... कुणी खरंच थांबून बघितलं तर?

शहरातल्या गॅलऱ्या आम्हाला दारात उभं करीत नव्हत्या. "मग आपणच भरवू!" दत्ताराम गरजला. चार महिने बैठका! गटाच्या नावावरून भांडणं, जाहीरनामा लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला, पंख्याखालची भिंत कुणाची यावरून अबोला... सगळं ठरलं, रविवारी हातगाडीवर चित्रं घालून हॉलवर पोचतो तर काय, आत पाळणा! बारसं!

"हॉल बुक कोणी केला होता?" मी.

"मला वाटलं, तू!" हरेश्वर.

"मला वाटलं, तुम्ही दोघं!" दत्ताराम.

बरोबरच आहे, कोण करणार? आमच्यात पुढारी कोणी नाही!

मी म्हटलं, परत जाऊ. पण हरेश्वर बिनधास्त. "पाळणा मधे आहे ना रे? भिंती मोकळ्या आहेत. लाव!" लावली! माझं नेमकं पाळण्यासमोर! तेवढ्यात बाळाची आजी, शेवंतीबाई, तरातरा आमच्याकडे. झालं, वाट लागली! मी मनात माफीनामा तयार केला, तळटीपांसकट. तर बाईंनी गालावर हात ठेवला. "अगो बाय! बारशाक एवढो मोठो आहेर! कित्याक खर्च केल्यात?"

आहेर! अहो, चित्रं विकायला आणली होती! मी दत्तारामला कोपर मारलं, त्याने हरेश्वरला, हरेश्वरने मला. सांगणार कोण? आमच्यात पुढारी...! तोवर डोक्यावर टोप्या, हातात नारळ, खांद्यावर टॉवेल. "जेवल्याशिवाय जावचा नाय हां!"

पण खोटं कशाला बोलू, मजा आली! हॉल भरून माणसं! कोण होड्यांपुढे उभं राहून गावच्या बंदराच्या गप्पा मारतंय, कोण पोराला उचलून डोंगर दाखवतंय... माझ्या चित्रापुढे? धीरच झाला नाही. भिंतीकडे पाठ करून जिलब्या खात बसलो. आणि मग इतकी वर्षं एकच शंका, कुणी बघितलं असेल का हो?

मागच्या वर्षी शेवटी शेवंतीबाईंच्या घरी गेलो विचारायला. दार त्या बाळानेच उघडलं, मथुराने, कडेवर तिचा उष्ट्या तोंडाचा मुलगा. मला बघितलं आणि दोन पावलं मागे!

"काका... तुम्हीच ना ते? आजी म्हणायची, जेव, नाहीतर तो चष्मेवाला भिंतीवरून उतरेल! शाळेत जाईपर्यंत दोन्ही वेळा तुमच्याकडे बघतच जेवले मी!"

मला, अहो, कॉलेजातला शिपाईसुद्धा कधी घाबरला नाही!

"मग आता काढून टाकलं असेल," मी पुटपुटलो.

"काढते कुठली? हा कुठे जेवतो!"

आत जाऊन खात्री केली. आहे. स्वयंपाकघरात, ताटासमोर. मथुराने पोराला अर्धवट टाकलेल्या जेवणावर परत बसवलं. पोराने एकदा चित्राकडे बघितलं, एकदा माझ्याकडे... आणि मुकाट दुसऱ्यांदा भात घेतला.